फ्रिजवरची वाट

तिने कामावर येऊन पर्स टेबलावर ठेवली, तोच कंपनीच्या तिन्ही इमारतींचं इंटरनेट गेलं. नेटवर्क तीच सांभाळायची, म्हणून सगळे तिच्या नावाने शंख करू लागले.

तिने राउटरची माहिती स्क्रीनवर उघडली आणि ती हबकलीच. कुठलासा एक राउटर दवंडी पिटत होता, की बाहेरच्या जगात जायची सगळ्यात जवळची वाट माझ्याकडून जाते. इमारतींच्या वेशीवरचे राउटर ती दवंडी जशीच्या तशी पुढे पाठवत होते, वर सांगत होते, त्याच्याकडे जायचं तर माझ्यामार्गे या. खरंखोटं बघायची कुणाला गरजच वाटली नव्हती!

दवंडी आली होती पलीकडच्या इमारतीतून. तिथलं रोजचं काम तिच्या हाताखाली तिचा नवरा बघायचा. तिने ऑफिसच्या फोनवरून त्याला फैलावर घेतलं, "काय घोळ घालून ठेवलायस? तुझ्याकडचा राउटर सगळ्यांना आपल्याकडे बोलावतोय!"

"अगं, इथलं एकही यंत्र तसं म्हणत नाहीये! फक्त आज घरून निघताना सरावासाठी मी घरचा राउटर तिथूनच ऑफिसच्या नेटवर्कला जोडला, तो..."

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. सासूबाई होत्या.

"अगं, फ्रिजवरची ती तुमची पेटी तव्यासारखी तापलीय. बंद करू का?"

तीन इमारतींचा कारभार फ्रिजवर!

"आई, वायर उपटा! आत्ताच्या आत्ता!"

इंटरनेट आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब खुशीत पुढे आले.

"शाब्बास! बिघाड कुठल्या इमारतीत होता?"