नाक्यावरची अदलाबदल

पिरनवाडीचा भरमा बैलांच्या बाबतीत भलताच हळवा. हरण्या-मण्या त्याने वासरं असल्यापासून वाढवलेले. सख्ख्या भावालाही तो कासरा धरू द्यायचा नाही. म्हणून घाटमाथ्यावरच्या नाक्यावर शिपायाने काठी आडवी धरली, तेव्हा तो उडी मारून बैलांच्या पुढ्यात उभा राहिला.

"जनावरांत लाळ-खुरकत आलीया. माणसं जाऊ देत, माल जाऊ दे. बैलांनी हद्द ओलांडायची न्हाय."

घ्या! बैलांवाचून गाडी काय वाऱ्यावर जाणार? गाडीत वांगी, मिरच्या, कोथिंबीर. पलीकडे फिरंगी मुलखात साखळीचा बाजार. तिथे बेळगावच्या भाजीवर उड्या पडायच्या. पण उशीर झाला की कोथिंबिरीचा पाचोळा! हद्दीपलीकडेही तीच रड. बाबलो नावाचा गोव्याचा गाडीवान नारळ घेऊन अडकलेला.

भरमाची बायको गुणाबाई टुणकन खाली उतरली. "अवो, गाड्या ढकलू या की पार! त्यांचे बैल आपल्या गाडीला, आपले त्यांच्या गाडीला!"

"परक्याच्या हाती माझे बैल? खुळी का काय तू?"

"त्याचे बी आपल्याच हातात ऱ्हाणार न्हवं?"

"भियेनाका, अण्णा," पलीकडून बाबलो हसला.

मग काय, जमलेल्यांनी चाकांना खांदे लावले आणि आरडाओरडा करत गाड्या हद्दीपार केल्या. भरमा हरण्याच्या कानात पुटपुटला आणि मागे न बघता निघाला. बघितलं असतं तर रडूच फुटलं असतं.

घाट लागला आणि तो रडणं विसरला. बाबलोचे बैल काय उतरत होते! त्यांची हयात त्या वळणांवर गेलेली. हरण्या-मण्या सपाटीचे, उतारावर नेहमी बिचकायचे. गाडी दिवस असतानाच बाजारात पोचली आणि भाजी हातोहात खपली. गुणाबाई हरखून गेली. भरमाला मात्र घास गोड लागेना.

परतीच्या चढाला तो गाडी गुणाबाईवर सोपवून नाक्याकडे पळतच सुटला. बेळगावात नारळ विकून बाबलो आधीच येऊन बसला होता. हरण्या-मण्या निवांत रवंथ करत होते आणि शिंगांवर खोबरेल चमकत होतं. भरमाने आधी बैलांना मिठी मारली, मग बाबलोला.

पावसाळ्याआधी रोग हटला. तोवर सगळेच गाडीवान अशी अदलाबदल करू लागले होते आणि नाक्यावर दोन्हीकडे गाड्यांची रांग लागायची. एके सकाळी शिपायाने काठी उचलली. "जा, आता बैलांसकट जा."

भरमा गाडीवरून उतरला. त्याने जू सोडलं, पलीकडे बाबलोला हाक मारली आणि कासरा त्याच्या हातात दिला.