दाणा संपला की वाजणारी घंटा

मित्रांनो, न्यू जर्सीत एका ओढ्याकाठी दगडी पाणचक्की आहे. तिच्या वरच्या मजल्यावर, दाणे ओतायच्या लाकडी पेटीला टांगलेली मी एक जुनी पितळी घंटा आहे. आकाराने पेरूएवढी. देवळातल्या घंटेचा मान मला नाही, आणि शाळेतल्या घंटेसारखी माझी कुणी वाटही बघत नाही. माझं काम एकच, काळजी करायची.

कशी, ते सांगते. चक्कीत दोन मोठे गोल दगड असतात. खालचा जागचा हलत नाही, वरचा फिरतो. पेटीतून दाणे त्यांच्या मधोमध पडत राहतात आणि कडेने पीठ बाहेर येतं. मला एक कातडी पट्टा बांधलेला आहे. त्याचं टोक पेटीत दाण्यांखाली दबलेलं असतं. दाणे आहेत तोवर पट्टा ताणलेला आणि मी गप्प. दाणे संपत आले की पट्टा सुटतो, मी खाली घसरते आणि फिरत्या दांड्यावर आपटून वाजत सुटते. वाजावंच लागतं. मध्ये दाणा नसला की दगडाला दगड घासतो, ठिणग्या उडतात, आणि चक्कीत तर जिकडेतिकडे पिठाची धूळ. तिला एक ठिणगी पुरते. ओढ्यापलीकडची एक चक्की अशीच जळाली. तिला घंटा नव्हती.

माझा पहिला चक्कीवाला मला दर रविवारी व्हिनेगरने घासायचा. मी वाजले की त्याची बायको पिठाचे हात तसेच घेऊन घरातून धावत यायची. ही माझ्यापेक्षा जास्त कटकट करते, असं ती हसून म्हणायची, पण मला कधी कुणी गप्प केलं नाही. पुढे शहरात दगडांऐवजी लोखंडी लाटांमध्ये दळणाऱ्या गिरण्या आल्या. आमच्याकडे दाण्यांच्या गाड्या येईनाशा झाल्या. चाक थांबलं. कितीतरी वर्षं माझ्या तोंडात गांधीलमाश्यांचं घर होतं, आणि खरं सांगू, तेवढीच सोबत होती.

मग गावातल्या लोकांनी आम्हाला दुरुस्त केलं. दर शनिवारी माणसांना फिरवून आणायला लागले. टेकडीवरच्या पवनचक्कीपासून सुरुवात, मग ओढ्याच्या कडेने खाली, वाटेत एक लाकूड कापायची पाणचक्की, आणि शेवटी आम्ही. फिरवणारे रसेल नावाचे निवृत्त शिक्षक. फार मऊ मनाचे. एकदा मी वाजल्यावर एक तान्हं बाळ दचकून रडलं, तर त्यांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी आपला रुमाल माझ्या तोंडात कोंबला. नंतर काढू म्हणाले आणि विसरले.

२००५च्या ऑक्टोबरात एडिसन शहरातून मराठी मंडळी आली. सात-आठ मोठी माणसं, अकरा मुलं. पवनचक्कीची पाती त्या दिवशी हललीच नव्हती, त्यामुळे मुलं कंटाळली होती. त्यांच्यात आसावरी नावाची एक तरुण आई होती. सहा वर्षांच्या रुहीचा हात तिने पवनचक्कीपासून सोडला नव्हता. आत शिरताच तिने बाहेर जायचा दरवाजा कुठे आहे ते पाहिलं, मुलं मोजली, आणि मग तिची नजर माझ्यावर आली.

"ही कशाची घंटा आहे? आणि तोंडात रुमाल का आहे?"

रसेल तेव्हा जिन्यात होते. त्यांच्यापर्यंत प्रश्न पोचलाच नाही. कॅमेरा घेऊन उभा असलेला नंदू म्हणाला, "आसावरी, यार, जरा रिलॅक्स हो. मघाशी तू पवनचक्कीचे बोल्टसुद्धा चेक करत होतीस." सगळे हसले. तीही हसली, पण रुहीला तिने आणखी जवळ ओढलं.

रसेलनी मक्याचं अर्धं पोतं दाखवलं, हे सगळं पेटीत ओता, मी बाहेर जाऊन चाकावर पाणी सोडतो, असं सांगून ते गेले. नंदूने पोत्याला हात घातला. तेवढ्यात त्याची आई, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या शरयू काकू, पुढे झाल्या. जात्यात कुणी पोतं ओततं का, म्हणाल्या. वैरण, म्हणजे दळायचे दाणे, मूठ-मूठ घालायची असते. मुलांना ओळीने उभं केलं, आधी दगडाला नमस्कार करायला लावला, आणि प्रत्येकाने एकेक मूठ मका पेटीत टाकला. फोटो झाले. एका मुलाने विचारलं, "आजी, कॅन आय डू इट अगेन?" पण तोवर चाक फिरायला लागलं होतं आणि सगळे दगडाभोवती गोळा झाले.

अकरा मुठी, मित्रांनो. एवढ्या मोठ्या दगडांना त्या किती वेळ पुरणार? आणि माझा पट्टा तर मोकळाच पडला होता, त्यावर दाबायला दाणेच नव्हते. मी केव्हाच घसरले होते. दांड्यावर आपटत होते. पण तोंडात रुमाल. नुसतं थप, थप. दीडशे वर्षांत ज्या एका गोष्टीसाठी मला टांगलं, ती मला करता येत नव्हती, आणि खाली अकरा मुलं उभी होती.

"आई, द बेल इज जंपिंग," रुही म्हणाली.

आसावरीने वर पाहिलं. या वेळी तिने कुणाला काही विचारलं नाही. मुलांना एकेक करून दरवाज्याकडे न्यायला लागली. नंदूने काहीतरी थट्टा सुरू केली, पण शरयू काकूंनी हात वर केला. त्या मान तिरकी करून ऐकत होत्या.

"नंदू, कॅमेरा ठेव. जातं रिकामं फिरतंय. पोतं ओत, सगळं."

"आई, तूच तर म्हणालीस..."

"ओत म्हणते ना."

त्याने ओतलं. मका धबधब्यासारखा पेटीत पडला. दगडांचा आवाज आधी अडखळला, मग जड झाला. भाजलेल्या दगडाचा वास मात्र बराच वेळ दरवळत होता.

रसेल आत आले ते तो वास घेतच. पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात वर करून त्यांनी रुमाल काढला. तुम्हाला कसं कळलं, असं त्यांनी काकूंना विचारलं. आसावरीने मराठीत सांगितलं. काकू म्हणाल्या, लहानपणी रोज दळलंय. भरल्या जात्याचा आवाज जड असतो, हा हलका झाला. "पण चूक माझीच हो. आमच्या जात्याचं पोट मुठीएवढं. याचं पोट मी बघितलंच नाही."

निघताना गाडीपाशी पोचल्यावर या वेळी नंदूनेच मुलं मोजली, दोनदा.

मित्रांनो, मला पॉलिश नको, माझा फोटोही नको. जुन्या चक्कीत गेलात तर एवढं करा, माझ्यासारखीचा पट्टा दाण्यांखाली दबलेला आहे ना ते बघा. आणि मी वाजले तर कानांवर हात ठेवू नका, दाणे ओता. दाणे पडले की मी लगेच थांबते, मला वाजायची हौस नाही. तुमच्या घरीही कुणीतरी असेल, पोचलास का, जेवलीस का, स्वेटर घेतला का, असं सारखं विचारणारं. त्यांना गप्प करायचं असेल तर एकच उपाय मला माहीत आहे. त्यांना उत्तर द्या.