सुधन्वाच्या नावावरचा कफ

दिल्लीलगतच्या वैशालीपर्यंत मेट्रो आली त्याच्या पुढच्या वर्षी सुधन्वाला क्षय झाला, तोही अंगात एकही जंतू नसताना.

जंतू होते त्याच्या धाकट्या बहिणीच्या, केतकीच्या फुप्फुसात. दोन महिने गोळ्या खाऊनही ताप हटत नव्हता आणि वजन अडतीसवर आलं होतं. डॉक्टर म्हणाले, सरकारी दवाखान्यात नवं मशीन आलंय. कफातल्या जंतूंची जनुकंच तपासतं, आणि नेहमीचं औषध त्यांना मारतं की नाही ते दोन तासांत सांगतं.

आईला अडचण वेगळीच दिसली. केतकीचं लग्न मार्गशीर्षात, फरीदाबादच्या मुलाशी ठरलेलं. सरकारी रजिस्टरात नाव चढलं की घरी माणसं येतात, चौकश्या होतात.

"कफ तिचा, नाव तुझं," आई म्हणाली.

"माझंही लग्न व्हायचंय."

"ते कुठे होतंय."

सुधन्वा मिनिस्ट्रीत कारकून होता. दुसऱ्यांनी केलेलं आपल्या सहीने पुढे पाठवायची त्याला सवय होती. त्याने कफाची डबी नेऊन दिली.

मशीनने सांगितलं, क्षयाचे जंतू आहेत आणि नेहमीच्या मुख्य औषधाला ते जुमानत नाहीत. म्हणजे आता दोन वर्षं वेगळी औषधं. त्यातले सुरुवातीचे सहा महिने रोज सुई आणि मूठभर गोळ्या, आरोग्य कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत. आणि औषध मिळणार ते रजिस्टरातल्या माणसालाच. या शेवटच्या अटीचा घरात कुणीच विचार केला नव्हता.

सोमवारी कर्मचारी त्यागीजी बॅग घेऊन हजर. चौऱ्याऐंशी किलोच्या पेशंटकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"भाईसाहब, टीबी में ऐसी सेहत पहली बार देखी."

"घी," आई म्हणाली.

आतल्या खोलीत केतकी उशीत तोंड खुपसून खोकत होती.

"बिटिया को भी खाँसी?"

"मौसम."

सुधन्वाने सुई टोचून घेतली. गोळ्या गालात धरून नंतर केतकीला द्यायच्या, असा बेत होता. त्यागीजी म्हणाले, "जीभ उठाइए." बेत पोटात गेला. तीन दिवस हेच चाललं. घरातल्या सर्वांत निरोगी फुप्फुसांवर सरकारचं सर्वांत कडक औषध बरसत होतं, आणि भिंतीपलीकडे केतकीचा ताप एकशे तीनवर होता. चौथ्या दिवशी तिला न्हाणीघरापर्यंतही चालवेना.

सुई भरली जात असतानाच सुधन्वा म्हणाला, "त्यागीजी, बीमार मैं नहीं हूँ. वो बलगम मेरी बहन का था."

त्यागीजींनी सुई बाजूला ठेवली. त्याच्या खांद्यावर हात ठेवून प्रेमाने म्हणाले, "होता है. इस दवा से दिमाग़ पर असर आता है. मेरा एक मरीज़ तो ख़ुद को स्टेशन मास्टर समझता था." आणि कार्डावर लिहिलं: भ्रम.

"आई, सांग ना."

आई पंख्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात भिंत धरत केतकीच बाहेर आली. "डिब्बी दीजिए," ती म्हणाली, आणि खोकली. त्यागीजींनी एकोणीस वर्षं खोकलेच ऐकले होते. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"यहाँ नहीं. खुली हवा में. बालकनी चलिए."

गॅलरीसमोर दुसऱ्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या. त्यातल्या एकीत गिरिजामावशी मेथी निवडत होत्या. फरीदाबादचं स्थळ त्यांनीच आणलेलं. केतकीने त्यांना पाहिलं आणि डबी तोंडाशी नेली.

"ये थूक है," त्यागीजी म्हणाले. "अंदर से."

दुसऱ्यांदा काहीच आलं नाही. सुधन्वा तिची पाठ थोपटत होता. तळहाताला बरगड्या मोजता येत होत्या.

"आज नहीं निकला तो फिर सोमवार को. कल से मशीन की छुट्टी है."

ती सोमवारपर्यंत टिकेल की नाही, सुधन्वाला सांगता येत नव्हतं. "केतू, अजून एकदा," तो म्हणाला. "यार, प्लीज."

ती कठडा धरून वाकली. या वेळी आलं. पिवळं, घट्ट, त्यात रक्ताची तार. त्यागीजींनी डबी उजेडाला धरली. "ये चलेगा." सुधन्वाला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"नाम?"

केतकीने सांगितलं. आवाज फुटलाच नाही.

"क्या?"

समोर मेथीतला हात थांबला होता. मावशी कठड्याशी आल्या. आई अजून दारातच होती, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. मग ती बाहेर आली, केतकीच्या दंडाला धरून उभी राहिली आणि तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याला थांबवायच्या आवाजात म्हणाली,

"केतकी. मेरी बेटी है. लिखिए."