फायलीतली प्रत

ते साल एकोणीसशे एक्क्याण्णव. त्या उन्हाळ्यात डोंगरावरचा बर्फ कधी नव्हे इतका वितळला आणि तेहतीस वर्षांपूर्वी बेपत्ता झालेलं एक लष्करी मालवाहू विमान गिर्यारोहकांना सापडलं. विमानाचे तुकडे, माणसांचेही तुकडे. यादीत नावं चौघांची होती. ताईंचा धाकटा भाऊ त्या यादीत नव्हता. तो विमानतळावरचा मेकॅनिक. विमान उडालं त्या सकाळपासून दिसला नाही म्हणून दप्तरात त्याच्या नावापुढे ‘फरार’ असं लिहिलेलं होतं.

त्या एका शब्दापायी त्याच्या बायकोने अर्धं आयुष्य मान खाली घालून काढलं. ती ना सवाष्ण होती, ना विधवा.

ताई तेव्हा त्याच विमानतळाच्या डार्करूममध्ये कामाला होत्या. वर्तमानपत्रांना जाणाऱ्या फोटोत विमानाचा नंबर दिसता कामा नये, असा हुकूम होता. निगेटिव्हवर पांढरा आकडा काळा उमटतो. तो पात्याने हलकेच खरवडला की छापताना विमानाच्या गडद रंगात मिसळून जातो. ताईंचा हात इतका सफाईचा, की मागमूस राहत नसे. भाऊ दारातून हाक मारायचा, “काय उंदीरताई, आज कोणाकोणाचे नंबर कुरतडले?”

त्या सकाळचा फोटो ताईंना लख्ख आठवत होता. चौघे ओळीत उभे आणि मागे शिडीवर, हातात हत्यारांची पेटी घेऊन, विमानात चढता चढता मान वळवून हसणारा भाऊ. विमानातला रेडिओ ऐन वेळी बिघडला म्हणून तो सोबत निघाला होता. हे ताई तेव्हाच्या चौकशीत घसा फोडून सांगत होत्या. “बहीण आहे, असंच म्हणणार,” एवढंच ऐकायला मिळालं. फोटोची फाईल गुप्त म्हणून कुणी दाखवली नाही.

आता विमान सापडल्यावर मात्र कचेरीतला कारकून भला निघाला. म्हणाला, “बाई, त्या विमानावर नवा नंबर आदल्या संध्याकाळीच रंगवला होता. फोटोत तो दिसला, तर फोटो त्याच सकाळचा ठरतो. मग मी स्वतः नाव चढवून घेतो. पण जुन्या फायली रद्दीत गेल्या हो. एक कॅप्टन उचलून घेऊन गेले. महिनाअखेरपर्यंत आणा, मग प्रकरण बंद होतंय.”

कॅप्टन म्हणजे प्रवासी विमानांचे निवृत्त वैमानिक. त्यांच्या बैठकीत बसायला जागा नव्हती. भिंतीला टेकवलेला विमानाचा लाकडी पंखा, काचेखाली बिल्ले, जुनी तिकिटं, टोप्या आणि खोक्यांत हजारो फोटो.

“आमची ही म्हणते, एक दिवस मलाच काचेखाली ठेवणार आहे,” ते हसले. “कोणत्या सालचं म्हणालात?”

तिसऱ्या खोक्यात पाकीट सापडलं. वर शिक्का: फायलीची प्रत.

“वन्सं, तुम्हीच बघा,” सोबत आलेली भावजय म्हणाली.

ताईंनी फोटो उजेडात धरला. चौघे होते. शिडी होती. भाऊ हसत होता. दाराशेजारी, जिथे नंबर असायला हवा होता, तिथे नुसता गडद पत्रा होता.

कॅप्टननी भिंग दिलं. भिंगातूनही तेच. “काय काम आहे!” ते भारावून म्हणाले. “ओरखडासुद्धा नाही. कोण होता हा कारागीर?”

ताईंना त्या क्षणी सगळं आठवलं. नियम असा होता, की फायलीची प्रत आधी काढायची, नंबरासकट. पात्याला हात त्यानंतर लावायचा. त्या दिवशी भाऊ दुपारी उतरेल तेव्हा त्याच्या हातात फोटो ठेवायची त्यांना घाई झाली होती. बाहेर द्यायचा फोटो बिननंबरचाच हवा, म्हणून त्यांनी आधी नंबर खरवडला आणि फायलीची प्रत त्यानंतर छापली. एकदाच चुकल्या होत्या.

“मीच,” त्या म्हणाल्या.

भावजयीने ताईंच्या हातातलं भिंग घेऊन खाली ठेवलं. फोटोतल्या हसऱ्या चेहऱ्यावरून तिने बोट फिरवलं.

“तुम्ही होय,” ती म्हणाली. “आणि मी तेहतीस वर्षं त्याला बोल लावत होते.”

रस्त्यावर आल्यावर ताईंनी तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने आपली पिशवी त्याच बाजूच्या हातात घेतली.

महिनाअखेरीस प्रकरण बंद झालं. डोंगराच्या पायथ्याशी दगड बसला, त्यावर चार नावं. कारकुनाने वरपर्यंत अर्ज नेला, दोनदा बोलणी खाल्ली आणि मग त्याची बदली झाली. कॅप्टन वारल्यावर खोकी कुठे गेली, कोणाला ठाऊक नाही. तो फोटो त्यांनी भावजयीला देऊन टाकला होता. ती पुढे अकरा वर्षं जगली. ताईंच्या दारात तिने पुन्हा पाऊल ठेवलं नाही आणि ताईंना कधी बोललीही नाही. ताई अजून आहेत. डोळे गेलेत. उजव्या हाताचं नख मात्र बसल्या बसल्या पलंगाचा कठडा खरवडत असतं. तिथला रंग केव्हाच निघून गेला आहे.