हाताला कळलेलं

डॉक्टरांनी पोरीच्या पायाचा एक्स-रे फोटो उजेडाच्या पेटीवर अडकवला आणि पेन्सिलीचं टोक गुडघ्याच्या जरा वर टेकवलं. आकारामनं मान पुढं काढून पाहिलं. चाळीस वर्षं लोकांची हाडं बसवली, पण आत हाड कसं दिसतं हे तो पहिल्यांदाच बघत होता. मांडीचं हाड वरून सरळ आलेलं. गुडघ्याजवळ मात्र त्याची कड खाल्लेली आणि बाजूला काहीतरी भलतंच वाढलेलं.

"तुकडा तपासायला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट आलाय," डॉक्टर म्हणाले. "हाडाचा कॅन्सर आहे."

पोरीचा बाप कृष्णात खुर्चीची पाठ धरून उभा होता. आकाराम त्याचा शेजारी. हाडातलं कळणारा माणूस सोबत असावा म्हणून त्यानंच त्याला कागलजवळच्या गावातून कोल्हापूरला आणलं होतं. पोरगी, वर्षाराणी, बाहेर बाकावर आईच्या मांडीवर पाय टाकून बसली होती. पंधरा वर्षांची, गेल्याच साली, म्हणजे शहाण्णवला, तिनं खो-खोत तालुक्यात नाव काढलं होतं.

"खेळताना पडलीती, त्यानं झालं व्हय?" कृष्णातनं विचारलं.

"पडल्यानं हा होत नाही. पडल्यावर त्या जागेकडं लक्ष जातं, एवढंच. वाढत्या वयात होतो, बहुतेक गुडघ्याच्या आसपास. विश्रांती घेतली तरी दुखणं थांबत नाही, रात्री झोपेतून उठवतं. सूज घट्ट असते, हाताला गरम लागते. किती दिवस होतं हे?"

"चार म्हयनं."

"चार महिने काय करत होता? कुणी चोळलं, बांधलं?"

आकारामनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. कृष्णातनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"घरातच त्याल लावलं, सायेब. हिच्या आईनं."

"अशी सूज चोळायची नसते. आणि त्याहून वाईट म्हणजे वेळ गेला." डॉक्टरांनी पेटीचा दिवा बंद केला. "आता पाय राखता येईल असं वाटत नाही."

आकारामचं घराणं हाडवैद्याचं. पैशाला शिवायचं नाही, नारळ तेवढा घ्यायचा. पट्टी एकवीस दिवस सोडायची नाही, आणि ती अंगावर असताना दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही. ही शिस्त वडिलांची, आणि गावानंही ती निमूट पाळलेली. वडिलांनी आणखी एक सांगून ठेवलं होतं: हाताला जे कळत नाही, ते बांधायचं नाही.

पहिल्या दिवशी वर्षाराणीच्या गुडघ्यावर त्यानं हात ठेवला आणि तो तिथंच थांबला. मुरगळलेला सांधा मऊ सुजतो, दाबला की दबतो. ही सूज दगडासारखी होती, आणि आतून गरम. असलं काही त्याच्या हाताखालून कधी गेलं नव्हतं. पण ओसरीवर पाच-सहा माणसं नंबर लावून बसलेली, पोरीच्या आजीनं नारळ पुढं केलेला, आणि आकारामनं माणूस परत पाठवला असं गावानं आजवर ऐकलं नव्हतं. त्यानं आंबेहळदीचा लेप लावला आणि पट्टी बांधली. अशा पाच पट्ट्या झाल्या.

तिसऱ्या पट्टीला पोरगी म्हणाली होती, "काका, रातचं लई ठणकतंय. झोपच न्हाय."

"हाड जुळाय लागलं की ठणकतंयच."

जे मोडलंच नव्हतं ते जुळणार कुठून? हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं.

परतताना एसटीत मायलेकी पुढं बसल्या, हे दोघं मागं. कागल येईपर्यंत कृष्णात खिडकीबाहेर बघत होता.

"माझं नाव का घेतलं न्हाईस?" आकारामनं शेवटी विचारलं.

"घिऊन पाय ऱ्हाणार हाय काय?"

त्यापेक्षा त्यानं चारचौघांत थोबाडीत मारली असती तर आकारामला परवडलं असतं.

पाय मांडीतून काढला. आकारामनं पट्ट्यांचं गाठोडं माळ्यावर टाकलं. कुणी हात-पाय धरून दारात आलं की तो बसल्या जागेवरून सांगायचा, "आधी फोटो काढा." लोक नाराज होऊन जायचे. कृष्णातच्या दारावरून जावं लागू नये म्हणून तो डेअरीला दूध घालायला शेतातल्या पाणंदीनं वळसा घालून जाऊ लागला. दोन महिने असे काढले. मग एका दुपारी कृष्णातच दारात येऊन उभा राहिला.

"पोरगी बोलावतीया तुमाला."

वर्षाराणी खिडकीशी खाटेवर बसली होती. औषधानं केस गेलेलं डोकं ओढणीनं बांधलेलं. चादर एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला सपाट होती. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"काका, पाय दुखतोय."

"कंचा?"

"नसलेला. घोट्यात. आई म्हणती, न्हाय त्यो पाय कसा दुखंल?"

पोरगी त्याच्या हातांकडं बघत होती.

"पैल्यांदा हात लावलासा, तवा कळलं नव्हतं तुमाला?"

कृष्णातनं मान खाली घातली. एक 'न्हाय' म्हटलं की सुटका होती, आणि ते खोटं निभावून न्यायला कृष्णात तयार होता.

"कळलं हुतं," आकाराम म्हणाला. "हे आपलं काम न्हवं, एवढं कळलं हुतं. बोललो न्हाय."

आई वळून आत गेली. वर्षाराणी रडली असती तर बरं झालं असतं. मग तिनं चादरीच्या सपाट भागाकडं बोट केलं.

"मग आता बगा. दुखतंय का न्हाय, खरं सांगा."

आकाराम खाटेशी खाली बसला. घोटा असायला हवा होता तिथं त्यानं दोन्ही तळवे ठेवले. खाली नुसती गादी होती. त्यानं डोळे मिटले.

"व्हय," तो म्हणाला. "दुखतंय."

पोरीनं मान मागं भिंतीला टेकवली.

"चोळू नका."

"न्हाय. नुसता हात ठेवतो."