नव्वदचा जेट

निवृत्तीनंतर मी छप्पन सालची फियाट घेतली, तेव्हा सावर्ड्यात दोन मतं पडली. मला अक्कल उरली नाही, हे एक. ती कधी नव्हतीच, हे दुसरं. गाडी छान पळायची. गेल्या शिमग्यापासून मात्र परशुराम घाटाच्या दुसऱ्या वळणावर आचके देऊन बंद पडू लागली. घाटापलीकडे, लोट्याच्या कारखान्यात मुलगा नोकरीला. तिथे नातवाचं बारसं होतं. पत्नी आनंदीबाईंना शेजारी बसवून, स्वतः गाडी चालवत तिथे जायचं, एवढीच माझी आयुष्याकडे मागणी उरली होती.

मिस्त्री भिकाजी माझा वीस वर्षांचा स्नेही. दर रविवारी तो कार्बोरेटर खोलायचा, फुंकायचा, बसवायचा, चहा प्यायचा आणि म्हणायचा, "नाना, गाडीचा वयच झाला आता."

शेवटी मीच बाह्या सरसावल्या. फिल्टर साफ केला. पंप ठीक होता. कार्बोरेटरातला पोकळ फ्लोट फुटका आहे का, म्हणून पाण्यात बुडवून पाहिला, एक बुडबुडा आला नाही. उरला जेट. पितळेचा, करंगळीच्या नखाएवढा; त्याच्या भोकातून इंजिनाला पेट्रोल मिळतं. त्यावर भोकाचं माप कोरलेलं होतं, नव्वद. पण असायला हवं किती? कार्बोरेटर कुठला हे कळल्याशिवाय ते सांगता येईना. रॉकेलने मळ धुतला, तेव्हा खालून नंबर निघाला. मुंबईहून मागवलेल्या पुस्तिकेत त्या नंबरापुढे छापलं होतं : एकशे पंधरा.

म्हणजे चढावर इंजिन उपाशी!

"देवाशपथ नाना, मला काय ठाव नाय," असं भिकाजी माझ्याकडे न बघता स्टेपनीला म्हणाला.

एकशे पंधराचा जेट कुठे मिळेना, म्हणून बारशाच्या आदल्या सकाळी मी ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवला. धोंडू गुरव गाऱ्हाणं मोकळ्या आवाजात घालतो. देवाला खाजगीत काही सांगायची आमच्याकडे सोय नाही.

"बा देवा म्हाराजा! नाना उद्या लोट्याला निघालेत, त्यांचा प्रवास सुखाचा कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" देवळातली मंडळी ओरडली.

"गेल्या साली आनंदीबायनं तुझ्याम्होरं नारळ ठेवलान, भिकाजीकडून गाडीत बारका जेट बसवलान, म्हणून नाना घाटापासून वाचले. तसंच पुढंही वाचव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सवयीने मीही म्हणालो.

घरी आनंदीबाई तांदूळ निवडत होत्या.

"भिकाजीला तू सांगितलंस?"

"शिमग्यात घाटात समोरची बैलगाडी दिसली नाही तुम्हाला."

"तिला कंदील नव्हता."

"दुपारचे बारा वाजले होते."

"मग मला सांगायचंस!"

"तीनदा सांगितलं. तुम्ही तीनदा चष्मा पुसलात."

"वर्षभर मी त्या गाडीत डोकं घालून बसलोय. भिकाजीला ठाऊक, गुरवाला ठाऊक, गावाला ठाऊक. आणि तू मला चहा आणून देत होतीस."

"दमत होतात ना," त्या म्हणाल्या.

मूळचा एकशे पंधराचा जेट त्यांच्या कुंकवाच्या करंड्यात होता. मी हात पुढे केला, त्यांनी तो तळहातावर ठेवला. मी म्हणालो, "उद्या तू एस.टी.ने ये." भांडतील असं वाटलं होतं. त्या "बरं" म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

दुसऱ्या दिवशी घाटात त्यांची एस.टी. माझ्या पुढेच होती. आनंदीबाई मागच्या काचेशी बसून अख्खा घाट माझ्याकडे बघत होत्या. गाडीने एक आचका दिला नाही. हे कोणाला तरी सांगावं म्हणून मी शेजारी वळलो, तर तिथे पेढ्यांचा पुडा.