दोनशे चौदा वाक्यं

बस स्टँडवर एकतीस वर्षं घोषणा केलेल्या माणसाचं स्वरयंत्रच काढायचं ठरलं, तेव्हा गावाला मनापासून वाईट वाटलं. गावाने त्यांचं नावच भोंगा ठेवलं होतं. भोंग्याला रजा मिळाली, असं म्हणून लोक हळहळले आणि चहा प्यायले.

भोंगासाहेब मात्र तयारीला लागले. ऑपरेशनपूर्वीचे नऊ दिवस दार लावून ते लॅपटॉपसमोर बोलत बसले. पुढच्या आयुष्यात जे जे बोलावं लागेल, ते सगळं त्यांनी आधीच बोलून ठेवलं. ‘पंखा कमी कर.’ ‘कोण आलंय?’ ‘चहा पाणचट झालाय.’ हे शेवटचं चार वेगवेगळ्या सुरांत. गरज पडेल तसं बटण दाबायचं की यांचा आवाज हजर. अशी दोनशे तेरा वाक्यं झाली. दोनशे चौदावं वाक्य त्यांनी बायकोला मुद्दाम दळण आणायला पाठवून रेकॉर्ड केलं.

“त्यात काय आहे हो?” तिने पीठ झाकून ठेवत विचारलं.

“माझा आवाज गेल्यावर ऐक.”

लॅपटॉपची डिस्क कधीच मेली होती. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने एक पेनड्राइव्ह खोचून त्यावरच तो चालवून दिला होता. “काका, दोन गोष्टी ध्यानात ठेवा,” तो म्हणाला होता. “एक, पासवर्ड वगैरे काही नाही. फार वेळ हात लावला नाही तर कधी मागेल, तेव्हा खोका रिकामाच ठेवायचा आणि एंटर मारायचं. दुसरी, बंद केलात की सगळं साफ. काम झालं की दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचं.”

उतरवायच्या दिवशीच हॉस्पिटलचा फोन आला, खाट रिकामी झाली आहे, लगेच या. ते लॅपटॉप चार्जरला लावून चालूच ठेवून, वर रुमाल टाकून गेले.

बारा दिवसांनी ते परतले ते गळ्याला भोक आणि हाताला सलाईनची पट्टी घेऊन. घरात एक पाटी आणून ठेवली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्यावर चहाविषयी चार ओळी लिहिल्या. बायकोने त्या वाचल्या, पुसल्या आणि “उगाच हाताला ताण नको,” म्हणत पाटी कपाटात ठेवली. त्याऐवजी सोपी पद्धत ठरली. खाटेवर एकदा टकटक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. घरात बऱ्याच वर्षांनी शांतता नांदू लागली.

रविवारी मुलगी आणि जावई आले. लॅपटॉप खाटेजवळ आणला, रुमाल काढला. पडद्यावर पासवर्ड मागणारा खोका उभा होता.

“बाबा, पासवर्ड तुम्हाला माहीत आहे ना?” जावयाने विचारलं. ऑफिसातला प्रिंटर त्याने दोनदा दुरुस्त केला होता, त्यामुळे घरातला अधिकार त्याच्याकडे होता.

हो म्हणावं तर तो नव्हताच, नाही म्हणावं तर उघडायचं कसं ते त्यांना माहीत होतं. त्यांनी तीनदा टकटक केली.

“तीन म्हणजे काय गं आई?”

“दुखत असेल,” बायको म्हणाली आणि तिने गोळी दिली.

मग अंदाज सुरू झाले. मुलीने लाजत स्वतःचं नाव टाकलं. चूक. जावयाने लग्नाचं साल टाकलं, स्वतःच्या. तेही चूक.

“माझं घालून बघा,” बायको हळूच म्हणाली. तेही चुकलं. “छत्तीस वर्षं संसार केला,” ती पदराला हात पुसत म्हणाली, “आणि पासवर्ड दुसऱ्याच कुणाचा!”

दोनदा टकटक. पुन्हा दोनदा. अगदी जोरात.

“ओरडू नका,” ती म्हणाली.

त्यांनी हात लांबवला. एंटरचं बटण बोटापासून वीतभर अंतरावर होतं. जावयाने लॅपटॉप प्रेमाने मागे ओढला. “हात नका लावू बाबा, आणखी बिघडेल.”

“जावईबापू, त्या मेकॅनिकला फोन करायचा का?”

“एवढ्याशासाठी? हसेल तो आपल्याला.”

आणि त्याने बंद करायचं बटण दाबून धरलं. खाटेवर टकटक एवढी वाढली की मुलीने वडिलांचा हात धरून ठेवला. पडदा काळा झाला. मिनिटभराने उजळला. खोका नव्हता.

“बघा!” जावई म्हणाला. “पासवर्ड विचारलासुद्धा नाही. कुठे आहेत बाबांची वाक्यं?”

पडदा नव्या पाटीसारखा कोरा होता.

भोंगासाहेबांनी तोंड उघडलं. गळ्यातल्या भोकातून थोडी हवा गेली. सगळे अदबीने थांबले.

बायकोला काय सुचलं कोण जाणे, तिने कपाटातून पाटी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी लिहिलं, ‘पासवर्ड नव्हताच. एंटर दाबायचं होतं. बंद केलं की सगळं पुसलं जातं.’

तिने ते दोनदा वाचलं. “हे विचारायला हवं होतं नाही का कुणीतरी,” जावई म्हणाला आणि घड्याळ पाहून उठला. मुलगीही उठली.

ते गेल्यावर तिने पाटी पदराने स्वच्छ पुसली, खडू पुन्हा त्यांच्या हातात दिला.

“ते शेवटचं वाक्य लिहा. मला पाठवून बोललात ते.”

त्यांनी खडू बराच वेळ धरला. मग तो तिच्या हातात परत दिला आणि दोनदा टकटक केली.

“लिहिणार नाही?”

एकदा.

ती उठली, चहा करून घेऊन आली. पाणचट होता. त्यांनी तो गुपचूप पिऊन टाकला.